खाडीच्या दोन काठांवर

अमेरिकन आणि कॅनेडियन माणसांत नेमका फरक काय, असा प्रश्न भारतातून तिकडे जाणाऱ्या बहुतेकांना पडतो. क्युबेकचा फ्रेंच भाषक प्रांत सोडला तर भाषा एक, पेहराव एक, खाणेपिणे बरेचसे सारखे, दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रमही तेच. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळही दोन्ही देशांचे मिळून एकच आहे. तरीही एखाद्या कॅनेडियन माणसाला कोणी चुकून अमेरिकन म्हटले, तर तो सौम्य शब्दांत पण लगेच दुरुस्ती करतो. शेजारच्या मोठ्या घराशी आपली गल्लत होऊ नये, याची त्याला सतत काळजी असते. कॅनडाचे पंतप्रधान पिअर ट्रुडो यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर बोलताना, अमेरिकेशेजारी राहणे हे हत्तीशेजारी झोपण्यासारखे आहे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. हत्ती कितीही शांत स्वभावाचा असला तरी त्याची प्रत्येक हालचाल शेजाऱ्याला जाणवते, हा त्याचा मथितार्थ.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात ठाणे खाडीच्या पूर्वेला असाच एक शेजार आकार घेऊ लागला. १७ मार्च १९७० रोजी 'सिडको'ची स्थापना झाली आणि मुंबईच्या गर्दीला उत्तर म्हणून एक नवे शहर वसविण्याचे काम तिच्याकडे सोपविण्यात आले. आज त्या घटनेला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. नवी मुंबईत जन्मलेली, तिथेच शिकलेली आणि तिथेच नोकरी करणारी पिढी आता संसाराला लागली आहे. ही पिढी मुंबईकर आहे, की 'नवी मुंबईकर' ही आता वेगळी ओळख झाली आहे? एकच भाषा बोलणाऱ्या, एकाच लोकलने प्रवास करणाऱ्या दोन शेजाऱ्यांमध्ये सांस्कृतिक फरक पडतो तो कशामुळे? या प्रश्नाचा उलगडा करताना अमेरिका आणि कॅनडा यांचे उदाहरण बरेच उपयोगी पडते. कुठे ते तंतोतंत जुळते म्हणून, तर कुठे ते साफ उलटे पडते म्हणून.

बाहेरच्यांना एकच

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही जोड्या एकसारख्याच दिसतात. नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाच्या लेखी वाशी काय आणि कुर्ला काय, सारी मुंबईच. दूरध्वनीचा ०२२ हा क्रमांक दोन्ही शहरांना सामाईक आहे. वडापाव तोच, मराठी-हिंदीची सरमिसळ तीच, घड्याळाच्या काट्यावर धावण्याची सवय तीच. नवी मुंबईत राहायला आलेली असंख्य कुटुंबे गिरगाव, परळ, लालबाग, चेंबूर या भागांतून मोठ्या घराच्या शोधात आली. त्यामुळे एक भाऊ दादरला आणि दुसरा नेरुळला, ही घरोघरची स्थिती आहे.

आकारातील तफावतही तशीच आहे. अमेरिकेची लोकसंख्या कॅनडाच्या सुमारे आठपट. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या एक कोटी २४ लाखांवर, तर नवी मुंबई महापालिका क्षेत्राची ११ लाख २० हजारांच्या घरात होती. म्हणजे फरक अकरापटीचा. कॅनडाचे दोन तृतीयांश लोक अमेरिकेच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत राहतात. नवी मुंबईचीही पहिली वाढ मुंबईला लागून असलेल्या वाशीपासूनच झाली, आणि पुढे ती रेल्वेमार्गाच्या कडेने सरकत गेली.

मात्र सारखेपणाच्या याच पार्श्वभूमीवर लहान फरकही ठळक होतात. मोटारीच्या पाटीवर 'एमएच ४३' लिहिलेले असणे, बेस्टऐवजी एनएमएमटीच्या बसची वाट पाहणे, पत्त्यात गल्लीच्या नावाऐवजी सेक्टरचा आकडा असणे, अशा बारीकसारीक गोष्टींतून ओळख घडत जाते. एकमेकांच्या अगदी जवळच्या समाजांतच लहान फरकांचा अभिमान अधिक बाळगला जातो, असे निरीक्षण मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी नोंदविले होते. कॅनेडियन माणूस आइस हॉकीविषयी किंवा ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या आपल्या 'थँक्सगिव्हिंग'विषयी ज्या आग्रहाने बोलतो, त्यामागेही हेच कारण असावे. अमेरिकेत तोच सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो!

आधी माणसे की आधी आराखडा?

अमेरिकन आणि कॅनेडियन यांच्या स्वभावातील भेदाचे मूळ समाजशास्त्रज्ञ सेमूर मार्टिन लिप्सेट यांनी दोन्ही देशांच्या जन्मकथेत शोधले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉन्टिनेंटल डिव्हाइड' या ग्रंथात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. अमेरिका बंडातून जन्मली. १७७६ च्या तिच्या जाहीरनाम्याने व्यक्तीचे जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध यांना सर्वोच्च स्थान दिले. ते बंड ज्यांना मान्य नव्हते, असे राजनिष्ठ लोक मोठ्या संख्येने उत्तरेला कॅनडात गेले. पुढे १८६७ च्या कॅनडाच्या घटना-कायद्यात शब्द आले ते शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन हे. पश्चिमेकडील मोकळ्या प्रदेशात अमेरिकेत वसाहतकरी आधी पोचले आणि कायदा मागाहून आला. कॅनडाने मात्र १८७३ मध्येच घोडेस्वार पोलिस दल स्थापून ते वसाहतकऱ्यांचे मोठे लोंढे येण्याआधी तिकडे रवाना केले.

मुंबई आणि नवी मुंबई यांच्या जन्मकथांत हाच भेद आढळतो. मुंबई व्यापाराने वाढली, गिरण्यांनी वाढली, पोटासाठी आलेल्या माणसांनी वाढली. तिथे नियोजन झालेच नाही असे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची आखीव वस्ती त्यातूनच उभी राहिली. पण मुंबईत आराखडा नेहमीच गर्दीच्या मागून धावत राहिला.

नवी मुंबईत क्रम उलटा होता. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी, मुंबईची वाढ उत्तरेकडे लांबवीत नेण्याऐवजी खाडी ओलांडून पूर्वेला न्यावी, असा प्रस्ताव मांडला. शासनाने तो स्वीकारला आणि सिडकोने ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नगराची आखणी केली. एकाच केंद्राभोवती दाटी होऊ नये म्हणून शहराची विभागणी अनेक 'नोड'मध्ये करण्यात आली. रस्ते, गटारे, शाळांचे भूखंड, बाजारपेठेची जागा हे सारे कागदावर आधी उमटले. माणसे त्यानंतर आली.

आणि ती बराच काळ आलीच नाहीत! राज्य शासनाची मुख्य कार्यालये बेलापूरला हलविली जातील, या अपेक्षेवर मूळ कल्पनेचा मोठा भाग उभा होता. बेलापूरला कोकण भवन झाले, पण मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये खुला झाला, तरी मानखुर्द ते वाशी ही रेल्वे धावू लागली ती १९९२ मध्ये. मधल्या दोन दशकांत वाशीत घर घेणाऱ्याकडे नातेवाईक काहीशा कीव आल्यासारखे पाहत. लोकल सुरू झाल्यावर चित्र पालटले. म्हणजे ज्या शहराला मुंबईला पर्याय म्हणून उभे करायचे होते, त्याला खरी भरती आली ती मुंबईशी रुळांनी जोडले गेल्यावर. ही विसंगती नवी मुंबईच्या स्वभावात आजही मुरलेली आहे.

शिस्त आणि धडपड

जन्माची ही रीत रोजच्या वागण्यातही उतरते. मुंबईकराचा मोठा गुण म्हणजे जागा करून घेणे आणि जागा करून देणे. तिघांच्या बाकड्यावर चौथ्याने टेकणे, चाळीच्या सामाईक गॅलरीत संसार फुलविणे, पदपथाच्या कोपऱ्यावर धंदा उभा करणे, हे मुंबईचे व्यवहारशास्त्र आहे. नियम तिथेही आहेत, पण अडचण आली की माणसे नियमापेक्षा एकमेकांवर अधिक विसंबतात.

नवी मुंबईच्या नियोजित भागातील नागरिक मात्र पहिल्या दिवसापासून एका संस्थेशी बांधला गेला. जमीन सिडकोची, ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळणार, अनेकांचे घरही सिडकोनेच बांधलेले, आणि त्याच्या हस्तांतरासाठी परवानगीही सिडकोचीच. 'सिडको' हा शब्द इथल्या घराघरांत एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकासारखा वावरतो. त्याच्यावर रागही असतो आणि अपेक्षाही त्याच्याकडूनच असते. साहजिकच नागरिकांची तक्रार मांडण्याची भाषा वेगळी झाली. भूखंड कशासाठी राखीव होता, उद्यानाची जागा कुठे गेली, खारफुटीवर भराव कोणी टाकला, असे प्रश्न इथल्या गृहनिर्माण संस्था आणि नागरिकांच्या संघटना आराखड्याचा कागद पुढे ठेवून विचारतात. जे ठरले होते ते पाळा, असा हा आग्रह असतो. मुंबईत तक्रार बहुधा अपुऱ्या सोयींची असते, इथे ती बहुधा मोडलेल्या वचनाची असते.

स्वच्छतेच्या अभिमानाचेही तसेच. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२२ आणि २०२३ या वर्षी नवी मुंबईने देशात तिसरा क्रमांक मिळविला. स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण असणे, ही गोष्टही नवी मुंबईकर पाहुण्यांना आवर्जून सांगतो. नीटनेटकेपणा, रुंद रस्ते, मोकळी हवा या त्याच्या अभिमानाच्या जागा आहेत. कॅनेडियन माणूसही आपल्या सुरक्षित शहरांविषयी आणि सभ्यतेविषयी अशाच स्वरात बोलतो. तिथल्या 'सॉरी' म्हणण्याच्या सवयीची इतकी ख्याती आहे, की ओंटारिओ प्रांताने २००९ मध्ये कायदा करून, दिलगिरी व्यक्त करणे म्हणजे दिवाणी दाव्यात दोष कबूल करणे नव्हे, असे स्पष्ट करून टाकले.

मात्र शिस्तीची दुसरी बाजूही पाहायला हवी. कॅनडा सभ्य पण नीरस, असा टोमणा अमेरिकन मारतात. नवी मुंबई छान पण निर्जीव, असे जुने मुंबईकर म्हणत आले. या टीकेत अतिशयोक्ती असली तरी काही तथ्यही आहे. रस्त्यावरचे जगणे, कोपऱ्यावरचा अड्डा, रात्री उशिरापर्यंत जागणारा बाजार या गोष्टी आराखड्यात आखून येत नाहीत. कोरिया यांना याची जाणीव होती. बेलापूरच्या टेकडीच्या पायथ्याशी १९८० च्या दशकात त्यांनी रचलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात-सात घरांचा पुंजका एका सामाईक अंगणाभोवती मांडलेला आहे. कोकणातल्या वाडीची आठवण व्हावी, असा हा प्रयोग. परंतु पुढे शहर वाढले ते अंगणाभोवती नव्हे, तर कुंपण आणि रखवालदार असलेल्या सोसायट्यांच्या रूपाने.

मिश्रण की गोधडी?

अमेरिका येणाऱ्या स्थलांतरितांना वितळवून एका साच्यात घालते, तर कॅनडा त्यांचे रंग कायम ठेवून त्यांची एक नक्षी करतो, असे म्हटले जाते. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर केले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा केला. प्रत्यक्षात दोन्ही देशांतील अनुभव या सूत्राइतका सुबक नाही. तरीही प्रत्येक देश स्वतःविषयी कोणती गोष्ट सांगतो, हे त्यातून कळते.

मुंबईनेही वितळविण्याचे काम केले. गिरणगावाच्या चाळीत रत्नागिरीचा, साताऱ्याचा आणि उत्तरेकडून आलेला कामगार एका नळावर पाणी भरत असे. त्यातून मुंबईची खास बोली घडली आणि सार्वजनिक गणेशोत्सवाला चाळीचे अंगण मिळाले. नवी मुंबईत माणसे आली ती बहुधा तयार गटांनी. मशीद बंदर परिसरातील घाऊक बाजार १९८० आणि ९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आला आणि त्याबरोबर माथाडी कामगार आले. सातारा, सांगली भागांतील या कष्टकऱ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले होते आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण मिळाले होते. कोपरखैरणे, घणसोलीच्या माथाडी वसाहतींत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे गाव आजही जिवंत आहे. दुसरीकडे वाशी रेल्वे स्थानकासमोर केरळ, आसाम, उत्तर प्रदेश अशा राज्यांची भवने एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. दक्षिण भारतीय, पंजाबी, बंगाली, गुजराती अशा समाजांनी आपापली मंदिरे, गुरुद्वारे, शाळा आणि सभागृहे भूखंड मिळवून रीतसर बांधली.

म्हणजे इथे विविधतेलाही भूखंड क्रमांक आहे! या गोधडीत प्रत्येक तुकड्याचा रंग टिकून राहिला. मात्र तुकड्यांना जोडणारा टाका काहीसा सैल राहिला. एकाच सेक्टरमध्ये वर्षानुवर्षे राहणारी माणसे एकमेकांच्या सणांना हजेरी लावतात, पण चाळीतला तो अपरिहार्य, कधी कधी नकोसा वाटणारा सहवास इथे नाही. त्याची हळहळ जुन्या पिढीला वाटते, तर नव्या पिढीला त्यातच स्वातंत्र्य वाटते.

जिथे उपमा उलटते

कॅनेडियन माणसाच्या स्वाभिमानाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे तिथली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था. १९६२ मध्ये सस्कॅचवान प्रांतात तिची सुरुवात झाली आणि १९६६ च्या कायद्यानंतर काही वर्षांत ती देशभर पोचली. पैशांवाचून उपचार अडू नयेत, ही तिथे पक्षातीत श्रद्धा बनली आहे. अमेरिकेत याच विषयावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे.

या बाबतीत ठाणे खाडीच्या दोन काठांवरचे चित्र नेमके उलटे आहे. सार्वजनिक सेवेची भक्कम परंपरा आहे ती मुंबईची. १९२६ पासून चालणारे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, त्यांना जोडलेली पालिकेची वैद्यकीय महाविद्यालये, १९४७ पासून पालिकेच्या मालकीची असलेली बेस्ट या संस्थांनी मुंबईकराला एका समान आधाराची सवय लावली. नवी मुंबई वाढली ती उदारीकरणाच्या काळात. इथे मोठमोठी महाविद्यालये आणि रुग्णालये उभी राहिली, पण त्यांतील बहुतांश खासगी किंवा ट्रस्टची. त्यामुळे आखीव शहरातल्या सामान्य माणसालाही गंभीर आजारात पुष्कळदा खाडी ओलांडून केईएम वा शीव गाठावे लागते. सुव्यवस्था आणि सार्वजनिक हित या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत, हे नवी मुंबईने ध्यानात घेण्यासारखे आहे. रस्ते रुंद असणे ही एक गोष्ट. त्या रस्त्याच्या टोकाला सर्वांना परवडणारे रुग्णालय असणे ही दुसरी.

नजर एकाच दिशेची

मोठा शेजारी लहानाकडे फारसे पाहत नाही आणि लहानाची नजर मोठ्यावरून हलत नाही, हेही दोन्हीकडे सारखे. कॅनेडियन माणसाला अमेरिकेचे राजकारण, क्रीडासंघ, मालिका तोंडपाठ असतात. अमेरिकन माणसाचे कॅनडाविषयीचे ज्ञान बर्फ आणि मेपलच्या पानापुरते थांबते. नवी मुंबईकराला मुंबईच्या प्रत्येक पुलाची, प्रत्येक लोकलची खबर असते. कुलाब्याच्या किंवा बोरिवलीच्या रहिवाशाला मात्र घणसोली आधी लागते की कोपरखैरणे, हे सांगता येईलच असे नाही.

पण येथेही एक महत्त्वाचा भेद आहे. परदेशी भटकणारा कॅनेडियन आपल्या पाठपिशवीवर मेपलच्या पानाचा झेंडा लावतो, कारण त्याला अमेरिकन म्हणून ओळखले जायचे नसते. नवी मुंबईकर मात्र वाशीहून फोर्टला निघाला की 'मुंबईला चाललो' म्हणतो, आणि दिल्लीत किंवा न्यू जर्सीत कोणी गाव विचारले की 'मुंबई' असेच उत्तर देतो. घरात वेगळेपण आणि बाहेर मुंबईपण, अशी ही दुहेरी ओळख आहे. नावच 'नवी मुंबई' असल्यावर दुसरे काय होणार, असेही म्हणता येईल. ज्या शहराच्या नावातच शेजारी बसला आहे, त्याला स्वतःविषयी बोलताना प्रत्येक वेळी त्या शेजाऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

अलीकडे मात्र या सवयीला हळूहळू तडा जात आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला, तेव्हा धावफलकावर स्थळ म्हणून नाव झळकले ते नवी मुंबईचे.

पाटी कोरी नव्हती

आतापर्यंतचे सारे विवेचन खाडीपलीकडून आलेल्यांचे झाले. परंतु नवी मुंबईची गोष्ट एवढ्यावर थांबविली तर ती अर्धीच राहील. सिडकोचा आराखडा ज्या कागदावर उमटला तो कोरा नव्हता. तिथे ९५ गावे होती. आगरी आणि कोळी समाजाची भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती, गावदेवीच्या जत्रा होत्या, हळदीच्या रात्री जागविणारी गाणी होती. या जमिनी शासनाने अल्प मोबदल्यात संपादित केल्या. योग्य मोबदल्यासाठी लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात आंदोलकांवर झालेल्या पोलिस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना या संघर्षातूनच पुढे आली.

सेक्टरमध्ये राहणाऱ्या अनेकांना हा इतिहास ठाऊक नसतो. आपल्या इमारतीमागचे गावठाण त्यांना दाटीवाटीचे, बेशिस्त वाटते. तिथली घरे कुटुंब वाढले म्हणून गरजेपोटी वाढत गेली, ती नियमित करण्याचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला, आणि आराखड्याने शेताचा हिशेब केला तरी गावाच्या वाढीचा हिशेब केला नाही, ही पार्श्वभूमी दृष्टीआड होते. शिस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या शहराची ही आंधळी बाजू आहे.

कॅनडाचीही आहे. सभ्यतेचा लौकिक असलेल्या त्या देशाने मूळनिवासी समाजांची मुले आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत घातली. त्याबद्दल पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये अंतिम अहवाल दिला, आणि २०२१ पासून ३० सप्टेंबर हा दिवस या स्मृतीसाठी पाळला जातो. दोन्ही अन्यायांचे स्वरूप आणि तीव्रता निराळी आहे, त्यांची बरोबरी करता येणार नाही. पण सुव्यवस्थेची गोष्ट सांगताना ती व्यवस्था कोणाच्या जमिनीवर उभी राहिली हे विसरले जाते, एवढे साम्य निश्चित आहे. गंमत अशी, की 'कॅनडा' हे नावच तिथल्या मूळनिवाशांच्या भाषेतील 'गाव' किंवा 'वस्ती' या अर्थाच्या शब्दावरून आले. आणि वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरुळ, खारघर, कामोठे ही नवी मुंबईच्या नोडची नावेदेखील मूळ गावांचीच आहेत. शहराने गावांची नावे घेतली. गावांना शहरात बरोबरीची जागा मिळाली का, हा प्रश्न मात्र उरतोच.

अंतर मिटल्यावर

दोन समाजांतले अंतर मिटले की वेगळेपणही मिटते, असा सर्वसाधारण समज आहे. कॅनडाचा ताजा अनुभव वेगळे सांगतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाला ५१ वे राज्य करण्याची भाषा केली, आयात शुल्क वाढविले, आणि एरवी शांत असणारे कॅनेडियन खडबडून जागे झाले. अनेक प्रांतांतील सरकारी मद्य दुकानांतून अमेरिकन मद्य हटविण्यात आले, अमेरिकेतले प्रवास रद्द झाले. इतके जवळ असूनही आपण वेगळे आहोत, ही जाणीव धोक्याच्या क्षणी अधिकच घट्ट झाली.

नवी मुंबईसमोर असा धोका नाही, पण अंतर मात्र झपाट्याने मिटत आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाशीसह मुंबईच्या वेशीवरील टोल नाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. आता काही विमाने पकडण्यासाठी मुंबईकराला खाडी ओलांडून इकडे यावे लागते. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी जून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी उभारली, सिडको भवनावर मोर्चा नेला, आणि २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला. या आग्रहाकडे केवळ नावाचा वाद म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. या शहराची गोष्ट मुंबईच्या गर्दीपासून नव्हे, तर इथल्या शेतापासून सुरू होते, हे त्यातून सांगितले जात होते.

या साऱ्याला आज विशेष महत्त्व आहे, कारण हाच प्रयोग पुन्हा होऊ घातला आहे. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात 'तिसरी मुंबई' म्हणून ओळखले जाणारे नवनगर वसविण्यासाठी २०२४ मध्ये एमएमआरडीएची प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली आहे. पहिल्या मुंबईकडून दुसरीने लोकलचे वेळापत्रक आणि कष्टाची रीत घेतली, स्वतःची अशी शिस्त त्यात मिळविली. दुसरीकडून तिसरीने काय घ्यावे, हे ठरविण्याची वेळ आता आली आहे. रुंद रस्ते आणि स्वच्छता तर घ्यावीच. पण सर्वांना परवडणारे रुग्णालय आराखड्यात आधी असावे, आणि त्या १२४ गावांच्या वाढीलाही त्यात जागा असावी. आधीच्या ९५ गावांना त्यासाठी जासईपर्यंत जावे लागले होते.